हायबरनेटमधला इनहेरिटन्स आणि फॉरेन कीचे घोळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जावात जेपीए (जावाची ऑब्जेक्ट डेटाबेसात साठवण्याचं स्टँडर्ड) आणि हायबरनेट (ते अमलात आणणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय. ‘पेमेंट’ हा पॅरेंट क्लास. ‘रोखपेमेंट’, ‘चेकपेमेंट’ आणि ‘यूपीआयपेमेंट’ हे त्याचे सबक्लास. ‘पावती’ ही वेगळी एंटिटी (टेबलाशी जोडलेला क्लास), आणि पावती कुठल्या पेमेंटची आहे हे सांगणारी फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणारा कॉलम) तिच्या टेबलात आहे.

या विषयावरच्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच दिसतं: मॅपिंग लिहिताना लोक क्लास डायग्राम बघतात, टेबल बघत नाहीत. सबक्लासला पॅरेंटकडून फील्ड मिळतात हे जावाला कळतं. डेटाबेसला फक्त टेबल, कॉलम आणि की कळतात. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तोच प्रश्न पुन्हा येईल: ही की नेमक्या कुठल्या टेबलात आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवणारा कॉलम कुठल्या टेबलाकडे बघतोय?

एरर आली की आधी कुठे बघायचं?

स्टॅक ट्रेसच्या तळाशी. सगळ्यात खालचं ‘कॉज्ड बाय’ वाचा. वरचा भाग स्प्रिंगचा आणि हायबरनेटचा असतो, डेटाबेस खरं काय म्हणाला ते तळाला असतं आणि तिथेच कन्स्ट्रेंटचं (मोडलेल्या बंधनाचं) नाव सापडतं. मायएसक्यूएलमध्ये १४५२ म्हणजे ज्या पॅरेंट रोकडे तुम्ही बोट दाखवताय ती नाही, १४५१ म्हणजे जी रो डिलीट करताय तिच्यावर कुणीतरी अवलंबून आहे. ओरॅकलमध्ये हीच जोडी ओआरए-०२२९१ आणि ओआरए-०२२९२ अशी येते. पोस्टग्रेसमध्ये दोन्हींना २३५०३ हा एकच कोड आहे, त्यामुळे तिथे मजकूर नीट वाचावा लागतो.

त्यानंतर प्रत्यक्ष चाललेल्या क्वेरी बघा. ‘ऑर्ग.हायबरनेट.एसक्यूएल’ हा लॉगर डीबगवर ठेवला की क्वेरी दिसतात, पण प्रश्नचिन्हांच्या जागी कुठल्या व्हॅल्यू गेल्या ते दिसत नाही. त्यासाठी हायबरनेट ६ मध्ये ‘ऑर्ग.हायबरनेट.ओआरएम.जेडीबीसी.बाइंड’ ट्रेसवर ठेवा. ५ मध्ये हेच काम ‘बेसिकबाइंडर’चा लॉगर करतो. मग टेबलाची खरी व्याख्या उघडा, मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल’ मारून. एंटिटी क्लासमध्ये काय लिहिलंय त्यावरून टेबलाचा अंदाज बांधू नका. दोघांत फरक पडलेला असतो म्हणूनच तुम्ही हे पान वाचताय.

इनहेरिटन्सच्या तीन पद्धतींत प्रायमरी की कुठे राहते?

‘सिंगल टेबल’मध्ये सगळी पेमेंट एकाच टेबलात, एकाच प्रायमरी कीखाली. रो कुठल्या सबक्लासची आहे हे डिस्क्रिमिनेटर कॉलम सांगतो. तुम्ही नाव दिलं नाही तर तो कॉलम ‘डीटाइप’ या नावाने तयार होतो. ‘@इनहेरिटन्स’ लिहून पद्धत सांगितली नाही, तर हीच पद्धत लागू होते.

‘जॉइन्ड’मध्ये पेमेंटचं एक टेबल आणि प्रत्येक सबक्लासचं एक टेबल. सबक्लासच्या टेबलातली प्रायमरी की हीच पेमेंटच्या टेबलाकडे जाणारी फॉरेन कीसुद्धा असते. एका चेकपेमेंटला दोन टेबलांत एकाच नंबरच्या दोन रो.

‘टेबल पर क्लास’मध्ये प्रत्येक प्रत्यक्ष वापरातल्या क्लासचं स्वतंत्र, पूर्ण टेबल. पॅरेंटचे कॉलम प्रत्येकात पुन्हा. सामायिक टेबल नाही, सामायिक की नाही. जेपीएच्या स्पेसिफिकेशनमध्ये या पद्धतीचा सपोर्ट सक्तीचा नाही. हायबरनेट तो देतं.

‘@मॅप्डसुपरक्लास’ ही चौथी पद्धत नाही. तो फक्त फील्डचा साचा. डेटाबेसच्या नजरेने तिथे इनहेरिटन्स घडलेलाच नसतो.

पॅरेंट क्लासमधले कॉलम टेबलात आलेच नाहीत. उलट ‘एंटिटीला आयडेंटिफायर नाही’ अशी एरर येते. आयडी तर पॅरेंटमध्ये आहे!

पॅरेंटवर ‘@एंटिटी’ किंवा ‘@मॅप्डसुपरक्लास’ यांपैकी काहीतरी असलंच पाहिजे. काहीच नसेल तर जेपीए त्या क्लासची फील्ड साठवत नाही, आणि आयडी तिथेच असेल तर तोही गेला.

ॲनोटेशन डोळ्यांना दिसतंय आणि तरीही ही एरर येत असेल, तर इम्पोर्टच्या ओळी बघा. स्प्रिंग बूट ३ पासून सगळं ‘जावाएक्स.पर्सिस्टन्स’वरून ‘जकार्ता.पर्सिस्टन्स’वर गेलं. प्रोजेक्टमधल्या फाइली आयडीईने बदलून दिल्या, पण सगळ्या टीम मिळून वापरतात तो ‘बेसएंटिटी’ क्लास वेगळ्या जारमध्ये आहे आणि तो जार अजून जुनाच आहे, असं फार वेळा होतं. नवीन हायबरनेटला जुन्या पॅकेजचं ॲनोटेशन दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने तुमचा पॅरेंट साधा जावा क्लास. जार नव्या पॅकेजने पुन्हा बिल्ड करणं हाच उपाय आहे. सबक्लासमध्ये आयडी पुन्हा लिहून एरर घालवू नका.

सबक्लासला वेगळा आयडी देता येतो का?

एंटिटी हायरार्कीत नाही. आयडी एकदाच, मुळाशी. ‘@इनहेरिटन्स’सुद्धा मुळाशीच. जॉइन्डमध्ये सबक्लासच्या टेबलातल्या की कॉलमचं नाव वेगळं हवं असेल तर ‘@प्रायमरीकीजॉइनकॉलम’ वापरा. तिथे ‘@ॲट्रिब्यूटओव्हरराइड’ लावून काही होत नाही, ते मॅप्डसुपरक्लास आणि एम्बेडेड यांच्यासाठी आहे.

‘पावती’तून मॅप्डसुपरक्लासकडे मेनीटूवन (अनेक पावत्या, एक पेमेंट असं नातं) दिलं तर अनोळखी एंटिटी म्हणून एरर येते. का?

कारण तिकडे टेबलच नाही. फॉरेन की टेबलाकडे जाते, आणि मॅप्डसुपरक्लासला टेबल नसतं. पावतीला ‘कुठलंही पेमेंट’ चालणार असेल तर पेमेंट ही खरी एंटिटी करा.

हायबरनेटचं ‘@एनी’ हा दुसरा रस्ता. त्यात दोन कॉलम असतात, एकात प्रकार आणि दुसऱ्यात आयडी. पण डेटाबेसात त्यावर फॉरेन की बसवता येत नाही, त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या पेमेंटची पावती बनली तरी डेटाबेस हूं का चूं करणार नाही. पैशांच्या नोंदी असतील तर मी हा रस्ता घेऊ देणार नाही. ऑडिट लॉग, कॉमेंट, टॅग अशा गोष्टींना चालेल.

क्लासचं नाव बदललं आणि जुन्या रो उघडेनाशा झाल्या. ‘राँगक्लासएक्सेप्शन’ येतं.

डिस्क्रिमिनेटरची व्हॅल्यू तुम्ही स्वतः दिली नसेल तर हायबरनेट एंटिटीचं नाव वापरतं. ‘चेकपेमेंट’चं ‘धनादेशपेमेंट’ केलंत की नवीन रोमध्ये नवीन नाव जातं आणि जुन्या रोमध्ये जुनंच राहतं. कोडमधलं साधं रीफॅक्टरिंग आहे असं वाटतं, पण तो डेटा बदल असतो. टेस्टमध्ये हे पकडलं जात नाही, कारण टेस्टचा डेटाबेस दर वेळी कोरा असतो. प्रॉडक्शनवर डिप्लॉय झाल्यावर पहिली जुनी नोंद उघडली की कळतं.

एक बारकावा असा. थेट ‘धनादेशपेमेंट’वर क्वेरी मारली तर हायबरनेट ‘डीटाइप’ची अट लावतं, म्हणून जुन्या रो एररशिवाय गायब होतात. ‘पेमेंट’वर क्वेरी मारली तर अट नसते, अनोळखी व्हॅल्यू समोर येते आणि मग एक्सेप्शन येतं. म्हणजे एकाच चुकीची दोन वेगळी लक्षणं. एका स्क्रीनवर यादी लहान झालेली दिसते, दुसरी स्क्रीन उघडतच नाही. लहान झालेली यादी जास्त धोक्याची, कारण तिची तक्रार उशिरा येते.

उपाय: प्रत्येक सबक्लासवर ‘@डिस्क्रिमिनेटरव्हॅल्यू’ स्वतः लिहा, छोटी आणि क्लासच्या नावाशी न बांधलेली, उदाहरणार्थ ‘चेक’. आधीच बिघडलं असेल तर मायग्रेशन स्क्रिप्टने जुन्या रोंची व्हॅल्यू बदला. त्याच टेबलात दुसऱ्या ॲप्लिकेशनच्या रो असतील आणि त्या तुम्हाला नकोच असतील, तर ‘@डिस्क्रिमिनेटरऑप्शन्स’मध्ये ‘फोर्स’ चालू करा. मग पॅरेंटच्या क्वेरीलाही अट लागते.

सिंगल टेबलमध्ये सबक्लासच्या फील्डवर ‘नलेबल इज फॉल्स’ लिहिलंय, तरी कॉलम नल घेतोय.

घेणारच. चेक क्रमांकाचा कॉलम नॉट नल केला तर रोख पेमेंटची रो आतच जाणार नाही. डेटाबेसकडून खात्री हवी असेल तर चेक कन्स्ट्रेंट लिहा: ‘डीटाइप’ची व्हॅल्यू ‘चेक’ असेल तर चेक क्रमांक नल नसावा. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीचं असेल तर सावध राहा. त्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट निमूटपणे वाचतात आणि सोडून देतात.

जॉइन्डमध्ये एकाच पेमेंटची रो चेकच्या टेबलातही आहे आणि यूपीआयच्याही. हे कसं होऊ शकतं?

हायबरनेटमधून सहसा होत नाही. हाताने मारलेल्या स्क्रिप्टमधून, डेटा इम्पोर्टमधून किंवा दुसऱ्या भाषेतल्या सर्व्हिसमधून होतं. डेटाबेसच्या दृष्टीने दोन्ही फॉरेन की बरोबर आहेत. पेमेंट नंबर ७०१ अस्तित्वात आहे, त्याच्याकडे चेकचं टेबलही बोट दाखवतंय आणि यूपीआयचंही. ‘दोघांपैकी एकच’ हा नियम कुठेच लिहिलेला नाही. हायबरनेट अशी रो वाचताना सबक्लासची टेबलं लेफ्ट जॉइन करतं आणि ‘केस व्हेन’ने कुठली की नल नाही ते बघतं. दोन्ही नल नसतील तर जी अट आधी जुळेल तो प्रकार ठरतो.

हे बंद करायची जुनी आणि पक्की युक्ती आहे. पेमेंटच्या टेबलात ‘प्रकार’ हा कॉलम ठेवा आणि आयडी व प्रकार या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट लावा. प्रत्येक सबक्लासच्या टेबलातही ‘प्रकार’ ठेवा, त्याची व्हॅल्यू चेक कन्स्ट्रेंटने कायमची बांधून टाका आणि फॉरेन की जोडीवर द्या. मग ७०१ ची नोंद ‘चेक’ म्हणून असेल तर यूपीआयच्या टेबलात ती घुसूच शकत नाही. हे काम मायग्रेशन स्क्रिप्टमध्ये करायचं, ॲनोटेशनमध्ये शोधत बसू नका.

टेबल पर क्लासमध्ये पावतीची फॉरेन की तयारच होत नाही.

कुठल्या टेबलाकडे द्यायची? पेमेंट हा ॲबस्ट्रॅक्ट क्लास असेल तर त्याचं टेबलच नाही. पावती क्रमांक १ चेककडे बघते, क्रमांक २ यूपीआयकडे. एक फॉरेन की एकाच टेबलाकडे जाते, त्यामुळे इथे डेटाबेसचं संरक्षण मिळत नाही. पॅरेंट ॲबस्ट्रॅक्ट नसेल आणि कुणी पेमेंटच्या टेबलाकडे फॉरेन की हाताने बसवली, तर चेकपेमेंटची पावती घालताना १४५२ येईल, कारण चेकची रो पेमेंटच्या टेबलात नसतेच.

पोस्टग्रेसची स्वतःची ‘इनहेरिट्स’ सोय वापरून हे सुटेल असं काही जणांना वाटतं. सुटत नाही. तिथेही पॅरेंट टेबलाकडे दिलेली फॉरेन की चाइल्ड टेबलातल्या रो बघत नाही, आणि पॅरेंटवरचं युनिक बंधन चाइल्डला लागू होत नाही.

याच पद्धतीत ऑटो इन्क्रिमेंटही चालत नाही. ‘आयडेंटिटी’ जनरेशन दिलं तर हायबरनेट सुरू होतानाच ‘युनियन सबक्लास’चं नाव घेऊन नकार देतं. प्रत्येक टेबलाने आपापला नंबर वाढवला तर चेक क्रमांक १ आणि यूपीआय क्रमांक १ अशी दोन पेमेंट एकाच आयडीची होतील, म्हणून हा नकार योग्यच आहे. सीक्वेन्स वापरा. मायएसक्यूएलमध्ये सीक्वेन्स नाही, तिथे हायबरनेट टेबलातून नंबर देतं किंवा तुम्ही यूयूआयडी घेता.

मग कुठली पद्धत घ्यायची?

सबक्लासमध्ये दोनचार कॉलमचाच फरक असेल तर सिंगल टेबल. फॉरेन की सरळ राहते, क्वेरीत जॉइन नाही. सबक्लासचे कॉलम खूप वेगळे असतील आणि नॉट नल बंधनं डेटाबेसातच हवी असतील तर जॉइन्ड. फक्त सबक्लासची संख्या वाढू देऊ नका. पॅरेंटवरची प्रत्येक क्वेरी सगळी टेबलं जॉइन करते, आणि मायएसक्यूएलमध्ये एका जॉइनला ६१ टेबलांची मर्यादा आहे. पॅरेंटकडे कुणाचीच फॉरेन की येणार नसेल आणि सगळ्यांची एकत्र यादीही लागणार नसेल, तर टेबल पर क्लासपेक्षा मॅप्डसुपरक्लास बरा. पावती आणि पेमेंटसारख्या नात्यात मी टेबल पर क्लास सुचवत नाही.

रो चेकची आहे, डेटाबेसात तसं दिसतंय, तरी ‘इन्स्टन्सऑफ चेकपेमेंट’ फॉल्स येतं. कास्ट केलं तर ‘क्लासकास्टएक्सेप्शन’.

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण यात एरर न येताही हिशेब चुकू शकतो.

पावतीमध्ये पेमेंटचं नातं लेझी आहे, म्हणजे गरज पडेपर्यंत पेमेंट वाचलं जात नाही. पावती वाचली तेव्हा हायबरनेटच्या हातात फक्त फॉरेन कीची व्हॅल्यू आली, समजा ७०१. हे ७०१ चेक आहे की यूपीआय, ते त्या नंबरात लिहिलेलं नाही. टेबल न उघडता हायबरनेटला एखादं ऑब्जेक्ट तर द्यायचंय. म्हणून ते फील्डच्या घोषित टाइपचा, म्हणजे पेमेंटचा, प्रॉक्सी (खऱ्याच्या जागी उभं केलेलं ऑब्जेक्ट) बनवून देतं. डीबगरमध्ये क्लासच्या नावात ‘हायबरनेटप्रॉक्सी’ दिसतं ते हेच. हा प्रॉक्सी पेमेंटचा सबक्लास आहे, चेकपेमेंटचा नाही. पुढे तुम्ही रक्कम विचारलीत, सिलेक्ट क्वेरी गेली, आत खरं चेकपेमेंट भरलं गेलं. तरीही तुमच्या हातात बाहेरचा प्रॉक्सीच राहतो. म्हणून ‘इन्स्टन्सऑफ’ लोड झाल्यावरसुद्धा फॉल्स.

आता समजा कोडमध्ये ‘चेक असेल तर वटण्याची वाट बघा, यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांक तपासा, नाहीतर रोख समजून जमा करा’ अशी शिडी लिहिली आहे. प्रॉक्सी पहिल्या दोन्ही पायऱ्या चुकवतो आणि शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये उतरतो. न वटलेला चेक जमा म्हणून नोंदला जातो. लॉगमध्ये एक ओळही येत नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे प्रकारानुसार बदलणारं वागणं पॅरेंटच्या मेथडमध्ये ठेवणं. पेमेंटवर ‘जमा करता येईल का’ अशी मेथड असू द्या, प्रत्येक सबक्लासने ती आपल्यापरीने लिहावी. प्रॉक्सी ती हाक आतल्या खऱ्या ऑब्जेक्टकडे पोचवतो. ते शक्य नसेल तर ‘हायबरनेट.अनप्रॉक्सी’ वापरा, ५.२.१० पासून उपलब्ध आहे. जॉइन फेचने आणलं तरी खरं ऑब्जेक्ट मिळतं, पण त्याच सेशनमध्ये आधी कुणी प्रॉक्सी बनवलेला नसेल तरच.

दोन जोडप्रश्न इथेच येतात. ‘इक्वल्स’मध्ये ‘गेटक्लास’ची तुलना केली असेल तर प्रॉक्सी आणि खरं ऑब्जेक्ट कधीच सारखे ठरत नाहीत. आणि मेथड ‘फायनल’ असेल तर प्रॉक्सी ती हाक आत पोचवू शकत नाही, मेथड प्रॉक्सीच्याच रिकाम्या फील्डवर चालते आणि नल देते. कॉटलिनमध्ये क्लास आणि मेथड मुळातच फायनल असतात, त्यामुळे तिथे ‘ऑल-ओपन’ प्लगइन एंटिटींना लावावं लागतं.

लॉगमध्ये ‘एचएचएच०००१७९’ ही वॉर्निंग दिसत असेल तर तीही याचीच खूण. आधी पेमेंटचा प्रॉक्सी बनला, नंतर कुणीतरी त्याच आयडीने चेकपेमेंट मागितलं. आता एकाच रोची दोन ऑब्जेक्ट फिरताहेत आणि ‘==’वर भरवसा ठेवता येणार नाही. वॉर्निंग म्हणून सोडून देऊ नका.

पॅरेंटची रो डोळ्यांसमोर आहे, तरी १४५२ येते.

एररमधलं कन्स्ट्रेंटचं नाव घ्या आणि ते कुठल्या टेबलाकडे जातं ते बघा. बहुतेक वेळा ती जुनी फॉरेन की निघते. पावती आधी ‘चेकपेमेंट’कडे बघत होती, नंतर तुम्ही फील्डचा टाइप ‘पेमेंट’ केलात. ‘एचबीएमटूडीडीएल’ला (एंटिटींवरून टेबलं बनवणारी हायबरनेटची सेटिंग) ‘अपडेट’वर ठेवलं असेल तर ते नवीन फॉरेन की घालतं, जुनी काढत नाही. आता कॉलमवर दोन फॉरेन की आहेत आणि यूपीआयची पावती पहिलीत अडकते. जुनी हाताने काढा. प्रॉडक्शनसाठी फ्लायवे किंवा लिक्विबेससारखं मायग्रेशन टूल वापरा, आणि ‘@फॉरेनकी’ने नाव स्वतः द्या म्हणजे पुढच्या वेळी एरर वाचताक्षणी कळेल.

फॉरेन की बनवतानाच मायएसक्यूएल नाही म्हणतं.

टाइप जुळत नाहीत. एकीकडे ‘इंट’ आणि दुसरीकडे ‘बिगइंट’, एकीकडे अनसाइन्ड आणि दुसरीकडे साइन्ड, किंवा स्ट्रिंग कीचं कोलेशन वेगळं. मायएसक्यूएल ८ मध्ये ३७८० ही एरर दोन्ही कॉलमची नावं सांगते. जुन्यात नुसतं १५० येतं, तेव्हा ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ मारून फॉरेन कीच्या शेवटच्या एररचा भाग वाचा. टेबल मायआयसॅम इंजिनवर असेल तर एररही येत नाही आणि फॉरेन कीही बसत नाही.

पोस्टग्रेसवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तिथे फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स आपोआप तयार होत नाही. पेमेंट डिलीट करायला वेळ लागत असेल तर पावतीच्या त्या कॉलमवर इंडेक्स आहे का ते बघा.

‘अनसेव्ह्ड ट्रान्झियंट इन्स्टन्स’ म्हणजे काय?

पावती सेव्ह होतेय, पण ती ज्या पेमेंटकडे बघते त्याला अजून आयडी नाही. आधी पेमेंट पर्सिस्ट करा, किंवा पेमेंट आणि पावती नेहमी एकत्रच जन्मत असतील तर पर्सिस्टचा कॅस्केड द्या, म्हणजे पावतीबरोबर पेमेंटही आपोआप सेव्ह होतं. ‘कॅस्केडटाइप.ऑल’ घाईने टाकू नका. मेनीटूवन बाजूला तो टाकला तर त्यात रिमूव्हही आला, म्हणजे एक पावती रद्द केली की पेमेंटही डिलीट होणार.

यादीत ॲड केलं, सेव्ह केलं, तरी फॉरेन की नल जाते.

‘मॅप्डबाय’ असलेली बाजू डेटाबेसात काहीच लिहीत नाही. फॉरेन की लिहिते ती मेनीटूवनची बाजू. पेमेंटच्या यादीत पावती घातलीत, पण पावतीत पेमेंट सेट केलं नाहीत तर कॉलम नलच राहील. दोन्ही सेट करणारी एक छोटी मेथड पॅरेंटमध्ये लिहा आणि सगळ्यांनी तीच वापरायची असं ठरवा. ‘मॅप्डबाय’ आणि ‘@जॉइनकॉलम’ दोन्ही विसरलात तर हायबरनेट तिसरंच जोडटेबल बनवतं.

कॉम्पोझिट कीकडे रेफरन्स देताना ‘कॉलमची संख्या चुकीची’ अशी एरर येते.

पॅरेंटची की शाखा आणि पावती क्रमांक अशी दोन कॉलमची असेल, तर रेफरन्सही दोन कॉलमचाच हवा. ‘@जॉइनकॉलम्स’मध्ये दोन्ही लिहा आणि प्रत्येकाला ‘रेफरन्स्डकॉलमनेम’ द्या. क्रमावर विसंबून राहू नका: दोन्ही कॉलम एकाच टाइपचे असतील तर उलटे जोडले गेले तरी एरर येत नाही. कीच्या क्लासला ‘सीरियलायझेबल’, ‘इक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ हवेतच.

त्यातला एखादा कॉलम साधं फील्ड म्हणूनही मॅप केला असेल तर ‘कॉलम दोनदा मॅप झाला’ अशी तक्रार येते. दोघांपैकी एकावर ‘इन्सर्टेबल’ आणि ‘अपडेटेबल’ दोन्ही फॉल्स करा. की आणि नातं एकच असेल तर मात्र ‘@मॅप्सआयडी’ वापरा, ते आयडी नात्यातून आपोआप उचलतं.

प्रायमरी की सोडून दुसऱ्या युनिक कॉलमकडे रेफरन्स दिला तर?

चालतं, पण लेझी असूनही बहुतेक वेळा लगेच क्वेरी जाते, कारण प्रॉक्सी बनवायला आयडी लागतो आणि हातात आयडी नसतो. जुनी डेटाबेस रचना बदलता येत नसेल तेव्हाच करा.

आधी डिलीट केलं, मग त्याच क्रमांकाची नवीन नोंद घातली, तरी युनिक कीची एरर?

हायबरनेट फ्लश करताना, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसात लिहिताना, तुमच्या कोडचा क्रम पाळत नाही. इन्सर्ट आधी, मग अपडेट, डिलीट शेवटी. डिलीटनंतर स्वतः ‘फ्लश’ करा, किंवा डिलीट न करता आहे तीच रो अपडेट करा. दुसरा पर्याय बहुतेक वेळा चांगला.

जेपीक्यूएलने (जेपीएच्या क्वेरी भाषेने) घाऊक डिलीट केलं तर कॅस्केड चालत नाही आणि १४५१ येते. जॉइन्डमध्ये घाऊक डिलीटसाठी हायबरनेट आयडींचं तात्पुरतं टेबलही वापरतं. ‘एचटी’ने सुरू होणारं टेबल बनवता येत नाही अशी एरर आली तर डेटाबेस युजरच्या परवानग्या तपासा.

रोख पेमेंटचं चेक पेमेंट करायचंय. सेटर कुठे आहे?

नाही. जावात ऑब्जेक्टचा क्लास बदलत नाही आणि हायबरनेट डिस्क्रिमिनेटर बदलू देत नाही. एखादी चुकीची नोंद दुरुस्त करायची असेल तर नेटिव्ह क्वेरीने ‘डीटाइप’ बदला (जॉइन्डमध्ये सबक्लासच्या टेबलातली रोही हलवावी लागेल) आणि लगेच पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट (हायबरनेटने मेमरीत धरलेली ऑब्जेक्ट) क्लिअर करा, नाहीतर जुनं ऑब्जेक्ट मेमरीत फिरत राहील.

हे रोजच लागत असेल तर तो इनहेरिटन्स नव्हेच. जे बदलतं ते पेमेंटचं ‘माध्यम’ आहे. त्याची वेगळी एंटिटी करा आणि पेमेंटमधून तिच्याकडे फॉरेन की द्या. पेमेंटचा आयडी तोच राहतो, पावत्यांना हात लावावा लागत नाही, आणि माध्यम बदलणं म्हणजे एका कॉलमचं अपडेट उरतं.

आम्ही जँगो (पायथनमधला वेब फ्रेमवर्क) वापरतो. यातलं काय लागू होतं?

बरंचसं, नावं वेगळी. ‘ॲबस्ट्रॅक्ट’ बेस म्हणजे मॅप्डसुपरक्लास, मल्टी-टेबल म्हणजे जॉइन्ड. चाइल्डची प्रायमरी की पॅरेंटच्या नावापुढे ‘पीटीआर’ लागलेल्या वनटूवन कॉलमात असते. तिथे दोन गोष्टी हमखास अडवतात. ॲबस्ट्रॅक्ट बेसमधल्या फॉरेन कीला ठरावीक ‘रिलेटेड नेम’ दिलं तर सगळ्या चाइल्डांत एकच नाव जाऊन ‘ई३०४’ची तक्रार येते, म्हणून त्या नावात क्लासच्या नावाची जागा सोडावी लागते. आणि चाइल्ड डिलीट केला की पॅरेंटची रोही जाते. ती ठेवायची असेल तर डिलीट करतानाच ‘कीप पॅरेंट्स’ द्या.